डाव्या कोपऱ्याचा पत्रा

माझ्या नाकावर राग असतो, असं माझा नवरा म्हणतो. असेल. पण त्या दुपारी पंजाबकडून आलेला जीपचा पत्रा आम्ही खोक्यातून बाहेर काढला, मी त्याला टिचकी मारली आणि तो तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला, तेव्हा राग नाकावर थांबलाच नाही. लष्करी जीपचा पत्रा म्हणे! त्याच्या आडव्या नाळ्या इतक्या उथळ की बोट फिरवलं तरी कळू नये. मागचा कोपरा गोल वळायला हवा, तो पेटीच्या कोपऱ्यासारखा सरळ मोडलेला. भोकंही पाडली होती, पण बोल्टची जागा एकीकडे आणि भोक भलतीकडे.

"वापस पाठवू काय?" नवऱ्यानं विचारलं.

"पाठवून काय होते? ज्यानं हे बनवलं त्यानं जनमात जीप पाह्यली नसन," मी म्हटलं आणि हातोडी शोधायला आत गेले.

आमचं दुकान नागभीडला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. माझे बाबा धान साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचे. पत्र्याला नाळ का पाडतात, हे मला अक्षरओळखीच्या आधी समजलं. सपाट पत्रा धानाच्या वजनानं पोट काढतो, नाळ पाडली की ताठ उभा राहतो. बाबांना मुलगा नव्हता आणि मला स्वयंपाकाचा कंटाळा होता, त्यामुळे हातोडी आपसूक माझ्याकडे आली. लग्न झालं ते वेल्डरशी. वाकवायचं काम माझं, जोडायचं त्याचं. घरातही तसंच चाललंय.

मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं दारात शोभेला ठेवायला मोडकी लष्करी जीप आणली, तिचे पत्रे मी नीट केले, आणि तेव्हापासून हे काम सुरू झालं. नागपूरचे हौशी लोकही येऊ लागले. या परदेशी, लढाईच्या काळातल्या गाड्यांचे मूळ पत्रे आता मिळत नाहीत. मिळतात ते डुप्लिकेट, आणि त्या डुप्लिकेटला माणसात आणायचं काम माझं. नाळ्या खोल करायच्या, मोडलेला कोपरा उलगडून पुन्हा गोल करायचा, चुकीची भोकं भरून बरोबर जागी पाडायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतली मी नाही, पण हे अंगण खरोखरच वाकडं असतं.

खोक्यातून निघालेला हा पत्रा फौजीभाऊंच्या जीपचा होता. फौजीभाऊ म्हणजे सिंदेवाहीजवळच्या एका गावचे जुने सैनिक. फौजेत गाड्याच चालवल्या. रिटायर होऊन आल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी ही जीप घेतली आणि काही वर्षं तिच्यातून गावोगावचं धान आणि माणसं वाहिली. मग एक दिवस ती शेडमध्ये लावली, ती कित्येक वर्षं बाहेर काढलीच नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरला बांधून आणली तेव्हा उजवी बाजू ओल्या भिंतीला टेकून कुजलेली होती, हात लावला की पापुद्रे निघायचे. डाव्या बाजूला तर मूळ पत्राच नव्हता. कुणीतरी कधीतरी एक कामचलाऊ सपाट तुकडा ठोकून दिला होता, त्याचीही चाळण झाली होती.

"रिसॉर्टले देता काय?" मी विचारलं.

"नाई. बाईले बसवाची हाये," ते म्हणाले. बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण.

चहा घेता घेता त्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत. जीप शेडमध्ये लावली त्याच वर्षी बहिणीचं धान गिरणीला न्यायचं होतं. भाऊजी मागे डाव्या कोपऱ्यात खाली बसले, पाठ पत्र्याला टेकून, पुढ्यात धानाची पोती. जंगलातल्या उतारावर पावसानं कापलेला रस्ता होता. चाक घसरलं, जीप डाव्या अंगावर कलंडली. फौजीभाऊंना खरचटलंसुद्धा नाही. भाऊजी गेले. त्यानंतर भावा-बहिणीचं येणं-जाणं तुटलं नाही, लग्नंकार्यं झाली, बोलणं झालं, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. आणि आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, दम्यानं चार पावलं टाकणं कठीण झाल्यावर, बहिणीनं निरोप पाठवला.

"म्हणते, मले एकडाव त्याच गाडीत बसव. तो बसला होता तिथीच. त्याच रस्त्यानं गिरणीवर ने." फौजीभाऊंनी कपबशी खाली ठेवली. "मी म्हटलं, बाई, कायले? तं म्हणते, मांगं बसलेल्याले रस्ता उलटा दिसते. तो काय पाहत गेला, ते मले पाहाचं हाये."

मी डोकं खाली घालून कप विसळत बसले. नवरा उगाच वायर गुंडाळत होता. अशी मागणी मी आजवर ऐकली नव्हती. लोक जुनी जीप मागतात ती फोटोसाठी, मिरवणुकीसाठी, फार तर मुलाच्या वरातीसाठी. या बाईंना तिच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं होतं, आणि नेमका तोच कोपरा गाडीला नव्हता.

मी कामाला लागले. नवऱ्यानं मोबाइलवर जुन्या जीपचे फोटो काढून दाखवले, पण फोटोतली गोलाई हाताला लागत नाही. एकदा कोपरा केला, तो फार फुगला. दुसऱ्यांदा केला, तर मागचं फळकं बंद होईना. नाळी किती खोल, कुठून सुरू, कुठे संपते, सगळं अंदाजानं. दुरून डोंगर साजरे. जवळ गेलं की हातोडीला नमुना लागतो. शेवटी मी फौजीभाऊंवरच चिडले. "तुमचा जुना पत्रा गेला कुठी? कापून काढला तवा फेकला काय?"

ते म्हणाले, "बाईच्या बोडीत हाये."

बोडी म्हणजे आमच्याकडे शेतालगतचं छोटं तळं. पावसाचं पाणी अडवायचं आणि धानाला ताण पडला की सोडायचं. अपघातानंतर गॅरेजवाल्यानं पत्रा कापून काढला, तेव्हा बहिणीनं तो मागून घेतला होता. लोहाराकडून जरा ठोकून घेतला आणि बोडीच्या तोंडाला दोन सागवानी खांबांच्या खाचेत उभा केला. गावात कुजबुज झाली, अशी वस्तू कुणी शेतात ठेवतं का? फौजीभाऊंनीही विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "माणूस नाई अडवला त्यानं, पाणी तरी अडवन."

आम्ही मोटारसायकलवर गेलो. धान लोंबीवर आलं होतं, बांधाबांधावर हिरवट-पिवळा रंग. बाई बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, काठी टेकून बसल्या होत्या, डोक्यावर पदर, पाय पाण्याकडे. मी जय भीम घातला. त्यांनी रामराम घेतला, माझे हात बघितले, आणि काय काम आहे ते ऐकल्यावर एवढंच म्हणाल्या, "आत्ता नाई."

"बाई, माप घेऊन लगेच वापस लावतो," नवरा म्हणाला.

"दाना भरून राह्यला. पाणी गेलं तं पोचट होईन. दाना टणक होऊ दे, मंग बोडी सोडतो, तवा या."

बोडीच्या तोंडाशी चिखलाचा आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, लेप होता. पत्र्याची फक्त वरची कड दिसत होती. ज्या पत्र्यासाठी मी रडकुंडीला आले होते तो हातभर अंतरावर, आणि मला शिवता येत नव्हता. दुसऱ्या कुणी असं थांबवलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. बाईंना काही सुनावायची माझी छाती झाली नाही. ज्या जीपमध्ये बसायची त्यांनी इच्छा धरली, तिचं काम त्या स्वतःच थांबवत होत्या, कारण दाणा भरायचा होता. संध्याकाळच्या आत जंगलाचा रस्ता ओलांडायचा म्हणून आम्ही उठलो. त्या भागात वाघ रस्त्यावर येऊन बसतो, तेव्हा गप्पा मारत बसायची सोय नाही.

दिवाळी, भाऊबीज होऊन गेली आणि निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा बाईंनी स्वतः खाली उतरून लेप काठीनं सैल केला होता. नवरा पुढे झाला, तर त्याला बाजूला केलं. पत्र्याच्या आत हात घालून, कशाला तरी धरून, दमा असतानाही त्यांनी तो एका झटक्यात वर ओढला. पाणी धो-धो सुटलं, मासे उसळले, शेजारपाजारची माणसं टोपल्या घेऊन धावली. मी मात्र पत्र्याकडे बघत राहिले.

इतकी वर्षं पाण्यात राहूनही तो जिवंत होता. दर उन्हाळ्यात बोडी आटली की बाई त्याला घरी नेत, मोहाच्या बियांचं तेल चोळत, डांबर फासत आणि ओसरीत भिंतीला उभा करत. मी बादलीनं चिखल धुतला. खालून नाळ्या निघाल्या, खोल, सरळ, दोन्ही टोकांना हळूच विरत गेलेल्या. कोपरा असा वळला होता की कुठून वळायला लागला ते बोटाला सापडेना. एका ठिकाणी डांबराचा पोपडा निघाला आणि खाली फौजेचा मूळ हिरवा रंग दिसला. मला एकदम भरून आलं. कुठल्या तरी परक्या कारखान्यात, लढाईच्या घाईत, रोज ढिगानं काढलेला पत्रा, आणि त्याच्या कोपऱ्यावरही कुणी एवढा जीव लावला होता. बाबा असते तर त्यांनी हात जोडले असते.

"नेतो बाई. पुढच्या पावसाच्या आत वापस आणून देतो," मी म्हटलं.

"पावसाच्या आत नाई. गाडी झाली की आण. मले तो डोळ्यापुढं लागते."

दुकानात आणल्यावर मी पुठ्ठे कापून त्याचं एकेक वळण उतरवलं. सागाच्या ओंडक्यातून साचा कोरला. डुप्लिकेट पत्रा त्यावर बसवून लाकडी मोगरीनं ठोकत गेले. काम चालू असताना एक गोष्ट लक्षात आली. मूळ पत्रा चाकामागच्या भागात सपाट नव्हता. तिथे आतून बाहेर आलेला एक रुंद, मऊ फुगवटा होता, धान पाखडायचं सूप ठेवलं तर मावेल एवढा. बाहेरून हात फिरवला तर पोटासारखा, आतून खळग्यासारखा.

"ठोकर लागली असन. गाडी पलटली होती ना," नवरा म्हणाला.

"ठोकर बाहेरून लागते, पत्रा आत जाते. हा बाहेर आला हाये. अन् पाह्य कसा बराबर आला, कुठी सुरकुती नाई. हे कारखान्यातलंच काम. माणसाले टेकून बसता यावं म्हणून केलं असन. तुह्या पंजाबवाल्याले दिसलंच नाई!"

"अन् फोटोत काऊन नाई दिसत?"

"फोटोत तुले तुही बायकोही गोरी दिसते," मी म्हटलं, आणि विषय संपवला.

डुप्लिकेट बनवणाऱ्यांवर माझा इतका राग होता, की पत्र्यात आणि त्यांच्या मालात जिथे जिथे फरक दिसे तिथे चूक त्यांचीच, हे मी धरूनच चालले होते. फुगवट्याचा वेगळा साचा कोरला. पत्रा तापवून, वाळूच्या पिशवीवर ठेवून, आतून हळूहळू ठोकला. नाळ्यांपेक्षा त्यालाच वेळ लागला. पत्रा ताणला जातो, पातळ होतो, थांबायचं कुठे ते हातानंच समजावं लागतं. डाव्या बाजूला जमला, तेव्हा मग उजव्या बाजूसाठी आणलेल्या पत्र्यातही तसाच काढला. एका बाजूला असून दुसरीकडे नसेल असं कसं होईल? दोन्ही पत्रे गाडीवर चढले, मागचं फळकं लोण्यासारखं बंद झालं, आणि मी दुकानाबाहेर जाऊन लांबून बघितलं. माझ्या हातून याच्याहून चांगलं काम झालेलं नाही.

फौजीभाऊ बघायला आले. समोरून बघितलं, मागे गेले, कोपऱ्यावरून हात फिरवला आणि फुगवट्यावर तळवा ठेवून उभे राहिले. 

"दोन्हीकडं काढलं?" त्यांनी विचारलं.

"मंग! एकाच बाजूनं कसं असन भाऊ?"

त्यांनी मान हलवली. माठातलं पाणी प्यायले, पुन्हा एकदा प्यायले. "रंग लावा," म्हणाले आणि निघून गेले. मी नवऱ्याला म्हटलं, पाह्य, बोलता येईना त्याले, एवढं आवडलं.

इंजिन फौजीभाऊंनी दुसऱ्या मिस्त्रीकडून सुरू करून घेतलं. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावर, थंडीतल्या एका सकाळी, आम्ही तिघं जीप घेऊन बाईंच्या गावी गेलो. मूळ पत्रा गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरला होता. बाई तयार होत्या. नवं लुगडं, डोळ्यांत काजळ. पत्रा घरात ठेवून घेतला, त्याच्यावरून हात फिरवला, मग जीपकडे वळल्या. माझ्या नवऱ्यानं आणि फौजीभाऊंनी त्यांना उचलून मागे बसवलं. डाव्या कोपऱ्यात गोधडीची घडी घातली होती. त्या बसल्या, दम घेतला, आधारासाठी हात मागे पत्र्यावर नेला आणि तो तिथेच थांबला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे इथी कसं आलं?"

फौजीभाऊ स्टिअरिंगवर होते. त्यांनी मागे बघितलं नाही.

"याले धरूनच मी दरसाल पत्रा उपसतो. डोये झाकून ओळखीन. तुनं सांगतलं होतं काय हिले?"

"नाई बाई. तिनं पत्र्यावरूनच काढलं. तिले माहीत नाई."

"काय माहीत नाई?" मी विचारलं. 

बाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. लेकीला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "गाडी कलंडली, तं सगळे पोते त्याच्या अंगावर आले, पोरी. तवा त्याची पाठ इथी दाबली. लोहारानं बाकी सगळं ठोकून सरळ केलं, एवढं मी ठोकू देल्लं नाई. पत्रा बिचारा सरकला त्याच्यासाठी. पण सरकून सरकून किती सरकन?"

मी खाली उभी होते.  ज्याला मी कारखान्याचं कसब म्हटलं, ज्याच्यासाठी साचा कोरला, ज्याच्या मऊपणावर भाळून हात फिरवला, ते मरत्या माणसाच्या पाठीचं वळण होतं. आणि मी ते दोनदा घडवलं होतं.

"बाई, उतरा," मी म्हटलं. "मी सपाट करून देतो. आजच्या आज करतो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. मग पदर सावरला आणि पाठ मागे टेकली, सावकाश, जागा शोधत. खळगा त्यांच्या पाठीला बरोबर बसला नाही. त्या बारीक होत्या, तो मोठा होता. त्या त्यात सामावल्या, आणि काजळ घातलेले डोळे मिटून थोडा वेळ तशाच राहिल्या.  मग डोळे उघडून त्यांनी मला हातानं बोलावलं. "तू त्या बाजूनं बस. एकाच अंगाले वजन बरं नाई."

मी चढले आणि उजव्या कोपऱ्यात खाली बसले. पाठ टेकायचं धाडस होत नव्हतं. पण गाडी निघाली, पहिल्याच खड्ड्याला मी मागे कलले, आणि माझी पाठ त्या खळग्यात गेली. ताज्या रंगाचा वास येत होता, पत्रा थंड होता. खांद्यांच्या खाली रुंद, कमरेकडे निमुळता. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा फोटोही नाही. पण तो केवढा होता, कसा टेकून बसला होता, ते माझ्या पाठीला कळत होतं. मला भीती वाटली नाही. देवळात किंवा विहारात डोकं टेकताना वाटतं, त्याहून जास्त काहीतरी वाटलं, आणि मी रडले.

बाई रडत नव्हत्या. त्या बघत होत्या. रस्ता आमच्या पायांकडून निघून मागे मागे जात होता, गाव लहान होत गेलं, मग शेतं, मग मोहाची झाडं एकेक करून दूर जात राहिली. एकेका झाडाकडे त्या मान वळवून बघत होत्या, काही राहून जाऊ नये म्हणून. उतार आला तसा फौजीभाऊंनी वेग कमी केला. रस्ता आता डांबरी आहे, कापलेली जागा बुजली आहे, अनोळखी माणसाला काही कळणार नाही. त्यांनी गाडी जवळजवळ थांबवलीच.

"थांबू नोको," बाई मागून म्हणाल्या. "तो इथून पुढं गेला नाई. आपन जाऊ."

फौजीभाऊंनी गिअर बदलला आणि आम्ही गिरणीच्या रस्त्याला लागलो.